अमेरिकेच्या संस्थापकांमध्ये सर्वांत जास्त आदर कोणाचा करावा? माझं मत जॉन ॲडम्सला

तुम्ही लिहिलंय की घरात वॉशिंग्टन विरुद्ध जेफरसन असा वाद पेटलाय, तुम्ही वॉशिंग्टनच्या बाजूचे, धाकटा भाऊ जेफरसनच्या, आणि कोणीतरी तिसऱ्याने निवाडा करावा. करतो, पण तो दोघांच्याही बाजूचा नाही. मी जॉन ॲडम्सचं, म्हणजे अमेरिकेच्या दुसऱ्या राष्ट्राध्यक्षाचं, नाव घेईन.

आधी कसोटी ठरवू, नाहीतर सगळं आवडीनिवडीवर येऊन थांबतं. इंग्लंडच्या राजाविरुद्ध उभं राहण्याची हिंमत या सगळ्याच मंडळींमध्ये होती. बंड फसलं असतं तर राजद्रोहाच्या आरोपाखाली फासावर जायची वेळ आली असती, हे प्रत्येकाला माहीत होतं. त्यामुळे त्या हिंमतीवरून एकाला दुसऱ्याहून मोठं ठरवता येत नाही. मी पाहतो ते वेगळं. आपल्याच लोकांना न रुचणारं, पण न्यायाचं काम कोणी केलं? आणि त्याचे चटके कोणी सोसले? मी जिल्हा न्यायालयात फौजदारी वकिली करतो, म्हणून ॲडम्सची गोष्ट मला १७७० च्या बॉस्टनपासून सांगावीशी वाटते.

५ मार्च १७७०. बॉस्टनच्या किंग स्ट्रीटवर, कस्टम हाउससमोर एक ब्रिटिश शिपाई एकटा पहाऱ्यावर. विग बनवणाऱ्याच्या दुकानातल्या एका पोऱ्याशी त्याची बाचाबाची झाली आणि बघता बघता जमाव गोळा झाला. बर्फाचे गोळे, बर्फाचे टणक तुकडे, काठ्या यांचा मारा सुरू झाला. कॅप्टन थॉमस प्रेस्टन सात शिपाई घेऊन मदतीला आला. गोंधळात एक शिपाई खाली पडला, गोळी सुटली, मग आणखी सुटल्या. पाच माणसं गेली. त्यांत क्रिस्पस ॲटक्स हा मिश्र वंशाचा खलाशीही होता. गाव संतापलं. थोड्याच दिवसांत पॉल रिव्हिअरचं एक चित्र छापून आलं, त्यात शिपाई एका रांगेत उभे राहून कॅप्टनच्या हुकमावर निःशस्त्र लोकांवर गोळ्या झाडताना दाखवले होते. गावाने निकाल आधीच लावून टाकला होता.

प्रेस्टनला वकील मिळेना. तेव्हा ३४ वर्षांच्या ॲडम्सकडे विचारणा झाली. हा माणूस इंग्रज सरकारचा विरोधक, त्याचा चुलतभाऊ सॅम्युअल ॲडम्स तर बॉस्टनमधल्या चळवळीचा पुढारी. तरी त्याने वकीलपत्र घेतलं. स्वतंत्र देशात आरोपीला वकील मिळणार नाही अशी वेळ येताच कामा नये, एवढंच त्याचं कारण.

खटला कसा चालवला ते वकिलाच्या नजरेने बघण्यासारखं आहे. प्रेस्टनचा खटला वेगळा आणि आधी चालला. त्यात मुद्दा एकच होता: गोळी झाडण्याचा हुकूम कॅप्टनने दिला का? साक्षीदारांचा एकमेकांशी मेळ नव्हता, प्रेस्टनला संशयाचा फायदा मिळाला आणि तो निर्दोष सुटला. मग शिपायांचा खटला. इथे खरी अडचण होती, कारण हुकूम नव्हता हे सिद्ध झालं तर शिपायांना 'आम्ही हुकूम पाळला' असं म्हणायची सोय उरत नाही. शिपायांनी अर्ज करून कॅप्टनबरोबरच आमचाही खटला चालवा अशी विनंती केली होती, ती मान्य झाली नाही. एकाच वकिलाने दोन्ही पक्षकार घेणं आज हितसंबंधांच्या मुद्द्यावर अडलं असतं. ॲडम्सने हुकमाचा मुद्दा सोडून स्वसंरक्षणाचा धरला. ज्युरीत बॉस्टनचा एकही रहिवासी राहिला नाही, याचीही काळजी घेतली गेली.

सर्वांत प्रभावी पुरावा मेलेल्या माणसाचा होता. जखमींपैकी पॅट्रिक कार काही दिवस जगला होता. त्याने डॉक्टर जेफ्रीज यांना सांगितलं की जमावाने छळलं नसतं तर शिपायांनी गोळी झाडली नसती, आणि मला मारणाऱ्यावर माझा राग नाही. एरवी ऐकीव म्हणून बाजूला पडलं असतं ते मृत्युपूर्व जबाब म्हणून ज्युरीपुढे आलं. समारोपात ॲडम्सने ज्युरीला सांगितलं की वस्तुस्थिती हट्टी असते, आपली इच्छा काहीही असो, ती बदलत नाही. आठ शिपायांपैकी सहा सुटले. दोघांवर सदोष मनुष्यवध शाबीत झाला आणि त्या काळच्या सवलतीनुसार फाशीऐवजी अंगठ्यावर डाग देऊन त्यांना सोडण्यात आलं.

याच समारोपात एक गोष्ट आहे जी मला टोचते आणि ती मी लपवणार नाही. जमावाचं वर्णन करताना ॲडम्सने कृष्णवर्णीय, आयरिश, खलाशी अशा लोकांची टवाळी केली आणि दंग्याचा बराच दोष ॲटक्सच्या माथी मारला. बॉस्टनचे प्रतिष्ठित लोक वेगळे आणि हा जमाव वेगळा, असं ज्युरीला पटवायचं होतं. आरोपी वाचवण्यासाठी मेलेल्या माणसाची, तीही त्याच्या रंगावरून, बदनामी करणं तेव्हाही हलकं होतं. तरीही वकीलपत्र घेण्याचा निर्णय माझ्या लेखी लहान होत नाही. किमतीच्या बाबतीतही अतिशयोक्ती नको: त्याने पुढे लिहून ठेवलं की अशिलं निम्म्याहून कमी झाली, पण १७७० च्याच जूनमध्ये बॉस्टनकरांनी त्याला प्रांताच्या विधिमंडळावर निवडूनही दिलं होतं. म्हणजे गाव रागावलं होतं आणि त्याची किंमतही ओळखून होतं. तीन वर्षांनी, बरोब्बर ५ मार्चला, त्याने रोजनिशीत नोंदवलं की आपण देशाची केलेली ही एक सर्वोत्तम सेवा होती.

आपल्याकडे मुंबईवरच्या २००८ च्या हल्ल्यानंतर कसाबचं वकीलपत्र कोणी घेऊ नये असं वातावरण होतं, आणि ज्या वकिलांची नेमणूक झाली त्यांना निदर्शनांना तोंड द्यावं लागलं. गावोगावच्या बार असोसिएशन अजूनही अमुक आरोपीचं काम कोणी करू नये असे ठराव करतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये असे ठराव वकिली नीतीच्या विरुद्ध आणि बेकायदा ठरवले आहेत. बाररूममध्ये या विषयावर बोलणं निघालं की मी २५० वर्षांपूर्वीच्या या खटल्याचा दाखला देतो.

दुसरं काम कागदावरचं. १७७९ मध्ये ॲडम्सने मॅसॅच्युसेट्सच्या राज्यघटनेचा मसुदा लिहिला, ती १७८० मध्ये लागू झाली आणि दुरुस्त्यांसह आजही लागू आहे. राज्य कायद्याचं असावं, माणसांचं नव्हे, हे तत्त्व त्यात शब्दशः आहे. तिच्या पहिल्याच कलमात सर्व माणसं जन्मतः स्वतंत्र आणि समान आहेत असं म्हटलंय. मग जे घडलं ते विलक्षण. १७८१ मध्ये बेट नावाच्या गुलाम स्त्रीने, जी पुढे एलिझाबेथ फ्रीमन या नावाने ओळखली गेली, थिओडोर सेजविक या वकिलामार्फत दावा लावला आणि ती स्वतंत्र झाली. १७८३ मध्ये क्वॉक वॉकरच्या खटल्यात सरन्यायाधीश विल्यम कुशिंग यांनी ज्युरीला सांगितलं की या घटनेशी गुलामगिरी जुळूच शकत नाही. १७९० च्या पहिल्या जनगणनेत मॅसॅच्युसेट्सच्या रकान्यात एकही गुलाम नोंदलेला नाही.

याचं श्रेय मी ॲडम्सला पूर्ण देत नाही, ते बेटचं आणि वॉकरचं आहे. ॲडम्स तेव्हा युरोपात होता. शिवाय १७७७ मध्ये गुलाममुक्तीचा एक प्रस्ताव दक्षिणेकडची राज्यं बिथरू नयेत म्हणून त्यानेच लांबणीवर टाकायला सांगितला होता. पण त्याने स्वतः आयुष्यात कधी एकही गुलाम विकत घेतला नाही, आणि त्याच्या मसुद्यातून आलेल्या वाक्याच्या आधारे गुलाम कोर्टात दाद मागू शकले. १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यातलं जेफरसनचं समानतेचं वाक्य याहून सुंदर आहे, पण माँटिसेलो या त्याच्या मळ्यावरच्या कोणाला ते कोर्टात उपयोगी पडलं नाही.

भावाला इथेच विचारा. जेफरसनच्या मालकीत आयुष्यभरात ६०० हून अधिक माणसं होती. त्याने मुक्त केलेली माणसं बोटांवर मोजण्याइतकी. त्याच्या मृत्यूनंतर कर्ज फेडण्यासाठी १८२७ मध्ये, जग इतकं पुढे गेल्यावर, माँटिसेलोच्या अंगणात माणसांचा लिलाव झाला. महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केलं ते गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या अमेरिकी लोकांना, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या बाजूने लिहिणारा थॉमस पेन त्यांनी तरुणपणी वाचला होता. पेनचं नाव तुम्ही दोघांनीही घेतलं नाही याचं आश्चर्य वाटलं, माझ्या यादीत तो जेफरसनच्या वर आहे.

ॲडम्सची सर्वांत कठीण परीक्षा तो राष्ट्राध्यक्ष असताना झाली. १७९८ मध्ये फ्रान्सशी समुद्रावर चकमकी सुरू होत्या आणि त्याच्याच फेडरलिस्ट पक्षाला युद्ध हवं होतं. युद्ध जाहीर केलं असतं तर तो लोकप्रियतेच्या लाटेवर पुन्हा निवडून आला असता, असं मला वाटतं. फेब्रुवारी १७९९ मध्ये त्याने पक्षाला न विचारता फ्रान्सकडे तहासाठी दूत पाठवायचं जाहीर केलं. मंत्रिमंडळातलेच लोक उलटले, पक्षाचाच पुढारी अलेक्झांडर हॅमिल्टन याने निवडणुकीच्या तोंडावर त्याच्याविरुद्ध पुस्तिका लिहिली. तह ३० सप्टेंबर १८०० ला झाला, पण त्याची बातमी मतांवर परिणाम करण्याइतकी वेळेत पोचली नाही. ॲडम्सला निर्वाचकांची ६५ मतं मिळाली, विरोधी पक्षाच्या जेफरसन आणि आरन बर यांना प्रत्येकी ७३. एका नव्या, कर्जबाजारी देशाला त्याने युद्धातून वाचवलं आणि खुर्ची गमावली. १८१५ मध्ये त्याने लिहिलं की माझ्या थडग्यावर फ्रान्सशी तहाची जबाबदारी घेतल्याचा तेवढा उल्लेख असावा.

त्याच कारकिर्दीत त्याने सरकारवर टीका करणाऱ्यांना तुरुंगात टाकणाऱ्या कायद्यावर सही केली. व्हर्मॉंटचा प्रतिनिधी मॅथ्यू लायन त्याखाली चार महिने आत गेला आणि तुरुंगातूनच निवडून आला. १७७० मध्ये न्यायासाठी जमावापुढे उभा राहिलेल्या माणसाने हे करावं याचं मला मनापासून दुःख आहे. माझ्या दृष्टीने ही त्याची सर्वांत मोठी चूक, अंगठ्यावरच्या डागासारखी कायमची. जेफरसनच्या शपथविधीलाही तो थांबला नाही, ४ मार्च १८०१ ला पहाटेच गाडीने निघून गेला. पण गेला, आणि विरोधकाच्या हाती सत्ता रक्ताचा थेंब न सांडता गेली.

हॅमिल्टन, मॅडिसन यांची बुद्धी वादातीत आहे, पण तुमचा प्रश्न आदराचा आहे, हुशारीचा नाही. फ्रँकलिन माझ्या यादीत दुसरा. त्याच्याकडेही गुलाम होते, पण म्हातारपणी तो पेनसिल्व्हेनियातल्या गुलामगिरीविरोधी संस्थेचा अध्यक्ष झाला आणि १७९० मध्ये, मृत्यूच्या दोन महिने आधी, काँग्रेसपुढे गुलामगिरीविरुद्धचा अर्ज त्याच्या सहीने गेला.

राहिला तुमचा वॉशिंग्टन. २३ डिसेंबर १७८३ ला ॲनापोलिसमध्ये जिंकलेल्या सेनापतीने काँग्रेसपुढे उभं राहून राजीनामा दिला, याची बरोबरी ॲडम्सच्या कुठल्याही कृतीशी होत नाही. मृत्युपत्रात त्याने आपल्या मालकीच्या १२३ गुलामांना मुक्त करण्याची तरतूदही केली. पण राष्ट्राध्यक्ष असताना फिलाडेल्फियात सहा महिने राहिलेला गुलाम तिथल्या कायद्याने स्वतंत्र होऊ नये म्हणून तो आपल्या गुलामांना मुदतीआधी राज्याबाहेर पाठवत राहिला, आणि १७९६ मध्ये पळून गेलेल्या ओना जज या तरुणीला परत आणण्यासाठी तो माणसं लावत राहिला. मृत्युपत्र त्याच्या मरणानंतर अमलात आलं. जिवंतपणी, स्वतःला तोटा होत असताना केलेलं काम मी जास्त मानतो, म्हणून माझं मत ॲडम्सला. तुम्ही वॉशिंग्टनवर ठाम राहिलात तर मी वाद घालणार नाही, भावाकडून मात्र माँटिसेलोच्या लिलावाचं उत्तर घ्या.