‘पाठवतो’चं इंग्रजी ‘विल’ की ‘गोइंग टू’?

प्रश्न असा आहे: साहेबांना ‘उद्या रिपोर्ट पाठवतो’ हे इंग्रजीत सांगायचं तर ‘आय विल सेंड’, ‘आय ॲम गोइंग टू सेंड’ की ‘आय ॲम सेंडिंग’? शाळेत तर भविष्यकाळ म्हटला की ‘विल’, इतकंच शिकवलं होतं.

तिन्ही वाक्यं शुद्ध आहेत. काम कधी होणार यापेक्षा ते करायचं कधी ठरलं, हे त्यांतून कळतं.

समजा, बैठकीत कुणी विचारलं, ‘क्लायंटला फोन कोण करतंय?’ तुम्ही म्हणता, ‘मी करतो.’ हे त्या क्षणी ठरलं, म्हणून ‘आयल कॉल देम’ (‘आयल’ म्हणजे ‘आय विल’चंच बोलण्यातलं छोटं रूप). त्याऐवजी ‘आय ॲम गोइंग टू कॉल देम’ म्हणालात, तर ऐकणाऱ्याला वाटेल की यांचं आधीच ठरलं होतं, मग इतका वेळ गप्प का बसले? आणि ‘आय ॲम कॉलिंग देम ॲट थ्री’ म्हणजे पलीकडच्याशी बोलून वेळही पक्की झाली. तुमच्या रिपोर्टालाही हेच लागू. साहेबांनी आत्ता मागितला असेल तर ‘आयल सेंड इट टुमॉरो’, उद्या पाठवायचा हे तुमचं आधीच ठरलेलं असेल तर ‘गोइंग टू’.

मराठीतही या छटा आहेत, पण जोड्या आपण समजतो तशा जुळत नाहीत. ‘करतो’ दिसायला वर्तमानकाळ, काम मात्र तयारी दाखवण्याचं. रूपाला फसून आपण ‘आय डू इट’ म्हणतो, आणि ती रोजची सवय ठरते. ‘आय ॲम डूइंग इट’ म्हटलं तर समोरच्याला वाटतं, काम सुरूही झालं. ‘करणार आहे’ला ‘गोइंग टू’ चपखल बसतं. उरलं ‘करीन’. शाळेने त्याचं ‘विल’ करून टाकलं, पण साहेबांना नुसतं ‘पाठवीन’ म्हणून बघा. ‘पाठवीन म्हणजे कधी?’ हा प्रश्न ठरलेला! आपल्या ‘करीन’मध्ये ‘सवडीने’ दडलेलं असतं. इंग्रजी ‘आय विल’ हा मात्र दिलेला शब्द असतो. (‘पाठवीन’ की ‘पाठवेन’ हा वेगळा वाद. जुन्या व्याकरणाप्रमाणे सकर्मकाला ‘ईन’, अकर्मकाला ‘एन’: करीन, पण बसेन. हल्ली फारसं कुणी पाळत नाही.)

‘विल’ला हे वजन त्याच्या मुळातून आलं असावं. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ होता इच्छा असणे, आणि ‘शॅल’चा देणं लागणे. ‘करीन’, ‘करशील’ असे प्रत्यय इंग्रजीला नाहीत, म्हणून तिने इच्छा, देणं आणि पुढे ‘गोइंग’मधलं जाणं यांनाच भविष्याच्या कामाला जुंपलं. ‘आय-वीला शॅल, बाकीच्यांना विल’ हा पाठ केलेला नियम जॉन वॉलिस यांच्या १६५३ सालच्या व्याकरणात आहे. गंमत म्हणजे इंग्रजीचं ते व्याकरण लॅटिनमध्ये लिहिलेलं होतं. आज ऑफिसात ‘शॅल’ उरला तो ‘शॅल वी स्टार्ट?’पुरता आणि करारनाम्यांत. तिथे मात्र तो अजून ‘देणं लागतो’ हेच सांगतो.

काळापेक्षा आपल्याला जास्त अडवतं ते ‘पर्यंत’. ‘शुक्रवारपर्यंत पाठवतो’ आणि ‘शुक्रवारपर्यंत सुट्टीवर आहे’, दोन्हीकडे आपल्याला एकच शब्द पुरतो. इंग्रजीत पहिल्याला ‘बाय फ्रायडे’, दुसऱ्याला ‘टिल फ्रायडे’. ‘आय विल सेंड इट टिल फ्रायडे’ म्हणजे शुक्रवार उजाडेपर्यंत मी तेच ते पाठवत राहणार! तसंच ‘आकडे मिळाले की पाठवतो’. आपण भूतकाळी रूप वापरतो, इंग्रजीला तिथे वर्तमानकाळ लागतो: ‘व्हेन आय गेट द फिगर्स, आयल सेंड इट’. ‘व्हेन आय विल गेट’ नाही.

प्रश्नात नसलेलं एक रूप मला फार आवडतं: ‘विल यू बी जॉइनिंग अस?’ ‘विल यू जॉइन अस?’ ही विनंती झाली, नाही म्हणायला जड जातं. पहिल्यात नुसती चौकशी आहे, ‘तुमचं येणं आहे का?’सारखी. वरिष्ठांना विचारायला उत्तम.

ठरलेल्या गोष्टीचं ‘आय ॲम … इंग’ किती पक्कं वाटतं, ते मी स्वतः अनुभवलंय. नोकरीच्या सुरुवातीला सुट्टीवर जायच्या आधी मी सगळ्यांना मेल टाकला, ‘आय ॲम लीव्हिंग ऑन फ्रायडे’. जेवणाच्या सुट्टीपर्यंत दोघांनी नवीन नोकरी कुठे लागली म्हणून विचारलं, आणि तिसऱ्याने माझी खिडकीजवळची जागा मागितली.