‘स्वतःहून दाखला नेतो’ असा अर्ज लिहून देऊ नका

प्रश्न : माझी मुलगी १७ वर्षांची, अनुदानित कनिष्ठ महाविद्यालयात बारावी कला शाखेला आहे. तीन महिन्यांपूर्वी तिला बाळ झालं. दवाखान्यानं पोलिसांना कळवलं, पॉक्सोची (मुलांवरील लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याची) केस सुरू आहे. आता प्राचार्य म्हणतात, बाकीच्या मुलींवर परिणाम होतो, दाखला न्या आणि १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून परीक्षा द्या. नातेवाईकही म्हणतात, शिक्षण पुरे. काय करावं? – एक आई, मानेवाडा, नागपूर

उत्तर : ताई, दाखल्याचा अर्ज दिला नसेल तर देऊ नका. दिला असेल तर आजच लेखी मागे घ्या. एकदा का दाखल्यावर सोडण्याचं कारण ‘पालकांच्या विनंतीवरून’ असं पडलं, की पुढे भांडायला फार थोडं उरतं. काढायचंच असेल तर प्राचार्यांनी कारण लिहून आदेश द्यावा. आई होणं हा शिस्तभंग नाही, त्यामुळे तसं लिहायला ते सहजासहजी धजावणार नाहीत.

शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वयाचा, तो इथे कामी येणार नाही. पण अनुदानित संस्थेला मनमानी करता येत नाही. संविधानाच्या कलम १४ च्या आधारे उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात रिट याचिका करता येते. त्याआधी प्राचार्यांना पत्र द्या आणि प्रत शिक्षण उपसंचालकांना पाठवा. बाळंतपणातल्या गैरहजेरीचं वैद्यकीय प्रमाणपत्र जोडा, मधल्या सुट्टीत बाळाला पाजायला घरी जाऊ द्यावं असंही त्यात मागा. कार्यालयात प्रत घेत नसतील तर स्पीड पोस्टानं पाठवा, पावती जपून ठेवा.

कायद्याच्या लेखी तुमची लेक पीडित आहे. १८ वर्षांखाली संमतीचा प्रश्नच येत नाही. जिला कायदा संरक्षण देतो तिलाच वर्गाबाहेर काढायचं, याचा मला मनापासून संताप येतो. आणि तिची ओळख कुणी व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली, तर स्क्रीनशॉट ठेवून तपास अधिकाऱ्याला द्या. पीडितेची ओळख उघड करणाऱ्याला भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली दोन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते.

वकिलाच्या फीची काळजी नको. महिला आणि मुलांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. सिव्हिल लाइन्सच्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे, तिथे अत्याचारपीडितांसाठीच्या मनोधैर्य योजनेच्या मदतीचंही विचारा. नातेवाइकांना उत्तर द्यायला तुम्ही बांधील नाही. लेकीला मात्र उद्याच विचारा, तिला कॉलेजात जायचंय का. ती हो म्हणाली, की पत्रावर तिचीही सही घ्या.