आईपेक्षा शेजारणीचं दुःख जास्त झालं, तर?

हे गृहस्थ माझ्याकडे समुपदेशनाला आपणहून आले नव्हते, बायकोने आणलं होतं. वय 42. कोल्हापूरच्या उद्यमनगरात स्वतःचं छोटं वर्कशॉप, घर शुक्रवार पेठेतल्या एका बोळात. बसल्या बसल्या बायकोनेच सुरुवात केली. "मॅडम, सासूबाई गेल्या तेव्हा ह्यांच्या डोळ्यात टिपूस नव्हता बघा. आणि आता शेजारच्या आक्का जाऊन दोन महिने झाले, तर रात्री उठून बसतात. जेवणात लक्ष नाही, कामात नाही. लोक विचारतात, काय झालंय तुमच्या मालकांना? काय सांगू मी?"

ते खाली बघत होते. बऱ्याच वेळाने म्हणाले, "माझा पण प्रश्न तोच आहे. मी आईचा कसला पोरगा म्हणायचा?"

हा प्रश्न माझ्याकडे बऱ्याचदा येतो, फक्त माणसं वेगळी असतात. शिकायला म्हणून राहिलेल्या मुलीची घरमालकीण आजी जाते. नव्या सुनेला सासरी ज्या एकट्या माणसाचा आधार वाटायचा, ते समोरच्या दारातले काका जातात. दुःख होतंच, पण त्याच्याबरोबर लाज येते. 'ते माझे कोण होते एवढं करायला?' म्हणून या गृहस्थांची परवानगी घेऊन, ओळख पटेल असे तपशील बदलून, हे लिहिते आहे.

त्यांची आई नर्स होती, पाळीची ड्युटी. वडील एसटीत. शाळेतून आलं की घराला कुलूप, म्हणून दप्तर थेट आक्कांच्या सोप्यात. आक्का तेव्हा पन्नाशीच्या, विधवा, एकुलता एक मुलगा याच्याहून सात-आठ वर्षांनी मोठा. "आलास व्हय रं? हातपाय धू जा," एवढं बोलून त्या ताट वाढायच्या. पुढे मुलगा पुण्याला नोकरीला गेला, तिकडेच स्थायिक झाला. हा इथेच राहिला. लग्न झालं, मुलं झाली, तरी वर्कशॉपमधून आल्यावर आधी आक्कांच्या दारात डोकावायचं आणि मग घरी, हा क्रम मोडला नाही. ब्लडप्रेशरची गोळी घेतली का, गॅस बंद आहे का, सकाळची अर्ध्या लिटरची दुधाची पिशवी, सगळं याच्याकडे. उन्हाळ्यात चटणी करायची म्हणजे मिरच्या निवडून, मसाला भाजून आक्का तयार ठेवणार आणि डंकावर हा घेऊन जाणार. ब्याडगी किती, संकेश्वरी किती, लवंगी किती, यावर दोघांचा दरवर्षी वाद. 2019 च्या ऑगस्टमध्ये पुराचं पाणी बोळात शिरलं तेव्हा यांनी त्यांना पाठीवर घेऊन बाहेर काढलं. आक्का कपड्यांसाठी नाही, चटणीच्या बरणीसाठी अडून बसल्या होत्या. हे सांगताना ते पहिल्यांदा हसले. बायकोही हसली. "बरणी मी डोक्यावर घेतली होती, मॅडम."

मग एके सकाळी दार उघडलं नाही. कडी यांनीच तोडली.

त्यानंतरचं जे त्यांनी सांगितलं, ते ऐकताना मला या दुःखाची गोम कळली. डॉक्टरांना बोलावणं, दाखला, पुण्याला फोन, शववाहिका, खुर्च्या, आल्यागेल्याला चहा, पंचगंगेच्या स्मशानभूमीत शेणी-लाकडाचं बघणं, सगळं यांनी केलं. शेजाऱ्याचं कामच ते. पण अग्नी दिला मुलाने. सांत्वनाला आलेली माणसं मुलासमोर बसली आणि चहाचा ट्रे धरलेल्या या माणसाला म्हणाली, "दोन कप कमी पडले बघ." तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जनाला आक्कांच्या आवडीचं सगळं मांडलं, पण कावळा शिवेना. मुलगा म्हणाला, घर नीट ठेवतो. सून म्हणाली, देव पुण्याला नेते, पूजा चुकवणार नाही. भाची काहीतरी म्हणाली. कावळा येईना. "मला माहीत होतं ओ, त्यांचा जीव कशात अडकलाय ते. पण मला कोण विचारणार? मी मागं उभा होतो." चौथ्या दिवशी ते लेथवर होते. सुतक नाही, मग घरी बसायचं कारण काय सांगणार?

केनेथ डोका नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने 1989 मध्ये अशा शोकावर पुस्तक संपादित केलं. माणूस दुःखात असतो, पण समाज त्या दुःखाला मान्यता देत नाही. दुःख करण्याचा हक्क जणू वाटून दिलेला असतो, आणि याच्या वाट्याला तो आलेला नसतो. आपल्याकडे ही वाटणी फार पक्की आहे. सुतक, दहावं, तेरावं, ऑफिसची रजा, सगळं नात्यावर ठरतं. नातं कागदावरचं किंवा रक्ताचं. रोजच्या दारातल्या डोकावण्याला त्यात रकाना नाही. पण मन मात्र त्या डोकावण्यावरच चालतं. माणूस गेल्यावर दिवसातली किती ठिकाणं एकदम रिकामी होतात, त्यावर पहिल्या महिन्यांतला धक्का बराचसा ठरतो. लांब राहणाऱ्या सख्ख्या काकांपेक्षा भिंतीपलीकडची आक्का जास्त रडवते, यात नवल काही नाही.

आईचं काय, हे विचारायला मी घाई केली नाही. ते आपोआप निघालं. आईला पक्षाघात झाला होता, तीन वर्षं अंथरुणावर होती. भरवणं, अंग पुसणं, कूस बदलणं यांनी आणि बायकोने केलं. आई बोलायची बंद झाली त्या दिवशी ते गच्चीवर जाऊन रडले होते. ओळखायची बंद झाली तेव्हाही. गेली त्या दिवशी रडू आलं नाही, कारण रडणं आधी हप्त्याहप्त्याने होऊन गेलं होतं. दीर्घ आजारात हे फार वेळा होतं. शिवाय तेव्हा ते कर्ते होते. खांद्यावर पाण्याचं मडकं, दहा दिवस विधी, माणसं येऊन पाठीवर हात ठेवून जाणारी. आक्कांच्या वेळी मृत्यू अचानक आला आणि हातात फक्त ट्रे होता. बायकोला मी एवढंच विचारलं, "सासूबाईंच्या आजारपणात ह्यांना रडताना तुम्ही पाहिलं होतं?" ती गप्प झाली. मग म्हणाली, "खूपदा."

इथे एक मोह असतो, आणि आमच्या व्यवसायातली माणसं त्याला सहज बळी पडतात. 'तुम्ही खरं तर आईसाठीच रडताय, आक्का निमित्त आहेत.' ऐकायला खोल वाटतं. कधी त्यात तथ्यही असतं, एक शोक दुसऱ्याला जागं करतो. पण या माणसाला ते सांगणं म्हणजे आक्कांना आणखी एकदा मागे उभं करणं झालं असतं. ते आक्कांसाठीच रडत होते. तसंच धरून आम्ही पुढे गेलो.

त्यांनी मोबाईलवर कुठेतरी शोकाच्या पाच पायऱ्या पाहिल्या होत्या. "मी कितव्या पायरीवर?" एलिझाबेथ कुब्लर-रॉस यांनी 1969 मध्ये त्या मांडल्या, त्या मुळात स्वतः मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्या माणसाने क्रमाने चढायचा तो जिना नाही. मला जास्त उपयोगी वाटते ती स्ट्रोब आणि शुट या नेदरलँड्समधल्या अभ्यासकांची 1999 मधली मांडणी. माणूस कधी आठवणीत बुडतो, कधी वीजबिल भरतो, आणि या दोन्हींमध्ये येरझारा घालतो. येरझारा म्हणजेच प्रकृती ठीक असणं. यांची अडचण अशी की दिवसभर दुःख दाबायचं, कारण ते 'आपलं' नाही, आणि मग रात्री दोनला ते उठवणार. म्हणून मी त्यांना सांगितलं, संध्याकाळी वर्कशॉपमधून आलात की पूर्वीच्याच वेळी घरात पाच-दहा मिनिटं बसा आणि बायकोला आक्कांची एक गोष्ट सांगा. रोज एक. 'विसरून जा' असं तिने म्हणायचं नाही, एवढी अट. झोप त्या आठवड्यांत हळूहळू सुधारली.

त्यांच्या मनातला दुसरा काटा धार्मिक होता. आपण त्यांच्यासाठी काही करू शकतो का, की तेवढाही अधिकार नाही? तो मला टाळता आला असता, पण माणसाच्या श्रद्धेला बगल देऊन समुपदेशन होत नाही, असं माझं मत आहे. तर्पणात नातलगांखेरीज गुरू, मित्र यांनाही पाणी देतात, आणि जे आपले बांधव नव्हते त्यांनाही तृप्ती मिळो असा श्लोक आहे. ज्यांनी विधी रचले त्यांना शेजारी आठवले होते, चहा मागणाऱ्या पाहुण्यांना आठवले नाहीत इतकंच. हे ऐकल्यावर ते ताठ बसले. सर्वपित्रीला घाटावर जाईन म्हणाले.

कावळ्याबद्दल मी वाद घातला नाही. विचारलं, "कशात अडकला होता त्यांचा जीव?"

"भिशीत."

आक्कांनी पेठेतल्या बायकांची भिशी पहिल्या काही महिन्यांतच उचलली होती आणि शेवटचे दोन हप्ते राहिले होते. दोन हजारांचा एक. "माझ्यामागं कुणी बुडवली म्हणू नये बाबा," असं त्या अधूनमधून म्हणायच्या. हे यांना ठाऊक होतं, पुण्याच्या मुलाला नव्हतं. यांनी एक हप्ता गुपचूप भरूनही टाकला होता. बायकोने माझ्यासमोरच विचारलं, "मग ते पैसे तिकडं गेले व्हय?" मी तिच्याकडे पाहिलं. ती रागावलेली नव्हती.

मी म्हटलं, हे मुलाला सांगायला हवं. पैशासाठी नाही. आईचं शेवटच्या वर्षांतलं आयुष्य त्याने फोनवर ऐकलंय, तुम्ही पाहिलंय. त्याला ते दुसरीकडे कुठे मिळणार नाही, आणि तुम्ही ते सांगत नाही तोवर तुम्ही नुसते शेजारीच राहाल. ते बरेच दिवस टाळत होते. 'त्याला वाटेल हक्क सांगतोय.'

दरम्यान ज्यांना हाच त्रास आहे त्यांच्यासाठी थोडं सांगते. आठवणीने रडू येणं, दारासमोर पाय अडखळणं, सवयीने एक पिशवी दूध जास्त घेणं, हा आजार नव्हे. पण दोनेक आठवडे सलग कशातच रस नाही, झोप आणि भूक गेलीय, काम बंद पडलंय, दारू वाढलीय किंवा जगण्यात अर्थ नाही असं मनात येतंय, तर थांबू नका. रेंगाळणाऱ्या शोकाचं निदान जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात किमान सहा महिन्यांनंतर करतात, अमेरिकन पद्धतीत प्रौढांसाठी वर्षभरानंतर. ते निदानाचं झालं, मदत मागायला एवढं थांबायचं कारण नाही. 14416 हा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा मोफत क्रमांक दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलता येतं. मरणाचे विचार येत असतील तर त्याच दिवशी कुणाला तरी सांगा.

शेवटी त्यांनी फोन केला. मुलगा आधी गप्प झाला, मग म्हणाला, "हे मला रक्षाविसर्जनालाच का सांगितलं नाहीस?" हे म्हणाले, "मला विचारलंस कुठं?" त्यावरून दोघांचं चांगलं वाजलं. भरलेला हप्ता परत घे, यावर मुलगा अडून बसला. आक्कांनी मला बत्तीस वर्षं जेवू घातलंय, पैसे परत घेणार नाही, यावर हे अडून बसले. बायको म्हणाली, ओरडण्याचा आवाज बोळाच्या तोंडापर्यंत जात होता. अखेर पहिला हप्ता यांचा, शेवटचा त्याचा, असं ठरलं, आणि उन्हाळ्यात चटणीच्या मिरच्या आणायला तो पुण्याहून येणार आहे. ब्याडगी किती घ्यायची यावर त्यांचं आतापासूनच जमत नाही.