वजन ५६ किलो, तरी शुगर कशी?

या वेळच्या पत्रांत तीन पत्रं अशी निघाली की प्रश्न वेगवेगळे पण मूळ एकच, म्हणून तिन्ही एकत्र घेतोय. पहिल्याला उत्तर जरा लांबलंय, सांभाळून घ्या.

प्रश्न : नमस्कार डॉक्टर. माझा जन्म १९७३ च्या उन्हाळ्यातला, गाव माण तालुक्यातलं. दुष्काळ होता, आई पोटुशी असताना दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची, खायला मिलोची (बाहेरून आलेल्या लाल ज्वारीची) भाकरी. जन्मलो तेव्हा ओंजळीत मावेल एवढा होतो असं आत्या सांगते. पुढे शिकलो, पुण्यात बसून करायची नोकरी लागली. वजन ५६ किलो, दारू नाही तंबाखू नाही, तरी चाळिशीतच शुगर निघाली आणि आता बीपीची गोळी पण सुरू झाली. ऑफिसातला मित्र ९० किलोचा, त्याचे रिपोर्ट नॉर्मल! आमचे फॅमिली डॉक्टर म्हणाले, हे तुझं आईच्या पोटातूनच आलंय. खरंच असं असतं का? घरी सांगितलं तर आई रडायलाच लागली.
— एक वाचक, पुणे

उत्तर : दादा, तुमचे डॉक्टर बरोबर बोलले पण अर्धंच बोलले, आणि ते अर्धं ऐकून आईला रडू आलं यात नवल नाही.

आधी आत काय होतं ते सांगतो. घरात पैसे कमी असले की आपण आधी किराणा आणि औषधं बघतो, रंगरंगोटी पुढच्या वर्षी म्हणतो, तसंच पोटातल्या बाळाचं असतं. येणारं अन्न कमी पडलं की पहिला वाटा मेंदूला जातो, आणि मग स्नायू, स्वादुपिंड, किडनी यांच्या वाट्याला उरलंसुरलं येतं. आता गंमत अशी की किडनीत रक्त गाळणारे जे बारीक बारीक घटक असतात ते सगळे जन्माच्या आधीच तयार होतात, नंतर आयुष्यभर एकही नवीन होत नाही, त्यामुळे जो कमी घेऊन आला त्याच्या प्रत्येक घटकावर जास्त लोड येतो आणि वय वाढलं की तो लोड बीपीच्या रूपात दिसायला लागतो. इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींचंही तसंच, भांडवल कमी असतं. आणि रक्तातली साखर सगळ्यात जास्त खेचून घेतात ते स्नायू, तेच मुळात कमी.

हे सगळ्यात आधी मोठ्या प्रमाणावर कुठे दिसलं माहितीये? इंग्लंडमधल्या हर्टफर्डशायर परगण्यात. तिथे १९११ पासून नर्सबाया घरोघर जाऊन बाळांचं जन्माचं वजन आणि वर्षाचं झाल्यावरचं वजन वहीत लिहून ठेवायच्या. त्या वह्या डॉ. डेव्हिड बार्कर यांच्या टीमला मिळाल्या आणि १९८९ मध्ये त्यांनी दाखवलं की वर्षाचे असताना ज्यांचं वजन सगळ्यात कमी होतं ते पुरुष पुढे हार्टच्या आजाराने जास्त गेले. साठ-सत्तर वर्षांनंतरचा हिशोब बाळपणीच्या वहीत सापडला! सुरुवातीला बऱ्याच लोकांनी नाकं मुरडली होती, पण नंतर देशोदेशी तसंच काहीसं दिसत गेलं.

आणि आपल्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं काम झालंय ते तुमच्या पुण्यातच. केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या बायकांची गरोदरपणाच्याही आधीपासून नोंद ठेवली, आणि त्यांची मुलं मोठी होईपर्यंत ते त्यांच्या मागावर राहिले. या आयांचं वजन सरासरी जेमतेम ४२ किलो, बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली बाळं साधारण साडेतीन किलोची. पण नीट मोजमाप केल्यावर कळलं की आपली बाळं सगळीकडून सारखी लहान नव्हती, स्नायू कमी, पोटाचा घेर कमी, पण कातडीखालची चरबी मात्र त्या मानाने बऱ्यापैकी टिकलेली. म्हणजे बारीक दिसणारं पण आतून चरबीवालं बाळ. हाच नमुना घेऊन आपण मोठे होतो. २००४ मध्ये डॉ. याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज मित्र डॉ. यडकिन यांनी शेजारी शेजारी उभं राहून एक फोटो छापला, दोघांचा बीएमआय (म्हणजे उंचीच्या मानाने वजन) अगदी सेम, २२.३, पण अंगातली चरबी इंग्रज डॉक्टरांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. (ते यडकिन पळणारे होते हे खरं, पण मुद्दा कळतो.) तेव्हा तुमच्या ५६ किलोवर फार भरवसा ठेवू नका, काटा फक्त एकूण आकडा सांगतो, त्यात स्नायू किती नि चरबी किती ते सांगत नाही.

आता डॉक्टरांनी जे अर्धं सांगितलं नाही ते. दुसऱ्या महायुद्धात १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मनांनी हॉलंडच्या पश्चिम भागाचं अन्न तोडलं, माणशी रेशन हजार कॅलरीच्याही खाली गेलं. त्या वेळी जी बाळं पोटात होती त्यांची पन्नाशीत तपासणी केली तर शुगरचा त्रास जास्त दिसला. पण त्याच युद्धात रशियातल्या लेनिनग्राड शहराला वेढा पडला होता, तिथले हाल तर जास्तच भयानक, आणि तिथे पोटात उपाशी राहिलेल्या बाळांमध्ये मोठेपणी शुगरच्या बाबतीत तसा फरक आढळला नाही! मग? यावर बऱ्याच जणांचं म्हणणं असं, आणि मलाही तेच पटतं, की हॉलंडमध्ये काही महिन्यांतच पुन्हा भरपूर खायला मिळालं, लेनिनग्राडमध्ये ओढाताण पुढेही चालूच राहिली. म्हणजे नुसत्या पोटातल्या उपासमारीने भागत नाही, टंचाईसाठी तयार झालेल्या शरीरावर नंतर सुबत्ता येऊन आदळते तिथे गाडी अडते. दिल्लीत १९६९ ते ७२ मध्ये जन्मलेल्या, म्हणजे जवळजवळ तुमच्याच वयाच्या दीड हजार लोकांची नोंद आहे, त्यातही ज्यांना २६ ते ३२ व्या वर्षीच शुगरचा त्रास सुरू झालेला ते बहुतेक दोन वर्षांपर्यंत बारीक होते आणि नंतर बारा वर्षांपर्यंत त्यांचा बीएमआय बरोबरीच्या मुलांपेक्षा भराभर वाढत गेला, आणि तरीही बाराव्या वर्षी लठ्ठ त्यातलं कुणीच नव्हतं.

तुमची आई दुष्काळात हौसेने खडी फोडायला गेली नव्हती. १९७३ च्या मे महिन्यात महाराष्ट्रात जवळजवळ ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती, त्यात कितीजणी दोन जिवांच्या असतील. पुण्याच्या त्या सहा गावांतही दिसलंय की शेतावरची आणि घरची जड कामं करणाऱ्या बायकांची बाळं लहान होती. यात दोष असलाच तर जिने ओझं उचललं तिचा कसा काय? हे आईला वाचून दाखवा. शिवाय आनुवंशिकता आहे, बसून काम आहे, शहरातलं खाणं आहे, सगळं पोटावर ढकलून चालणार नाही.

तुम्ही काय करायचं? वजन कमी करायच्या भानगडीत पडू नका, कंबर मोजा, ९० सेंटीमीटरच्या आत हवी. नुसतं चालणं पुरणार नाही, स्नायू वाढवायचेत, जोर-बैठका, वजनं, जे झेपेल ते हळूहळू सुरू करा. डाळ, कडधान्य, अंडी, दूध वाढवा आणि भात-चपाती तेवढ्यापुरती कमी, पण त्याआधी क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन तपासून घ्या, किडनी कशी आहे कळल्याशिवाय प्रोटीन वाढवू नका. शुगरसाठी मेटफॉर्मिन चालू असेल तर बी-१२ पण बघा, त्या गोळीने ते कालांतराने कमी होतं. डोळ्यांचा पडदा वर्षातून एकदा.

प्रश्न : नातीचा जन्म झाला, वजन फक्त २ किलो ३०० ग्रॅम, दिवस पूर्ण भरलेले. आता दोन महिन्यांची आहे. सून फक्त अंगावरचं पाजते, वरचं काहीच देऊ देत नाही. बाळानं बाळसं धरायला नको का? मी म्हणते डब्याचं दूध आणि थोडा मध चाटवावा. शेजारच्या बाळाचे गाल बघितले की जीव तुटतो. — एक आजी, नाशिक

उत्तर : आजी, या भांडणात मी सूनबाईंच्या बाजूने आहे, रागावू नका.

मध तर वर्षभर अजिबात नको, त्यातून बाळाला गंभीर विषबाधा होऊ शकते. सहा महिने फक्त आईचं दूध. अडीच किलोच्या आत जन्मलेल्या बाळाला लोहाचे थेंब लवकर सुरू करावे लागतात, ते बालरोगतज्ज्ञांना विचारा, आणि वाढीचा तक्ता त्यांच्याकडूनच भरून घ्या. वजन तक्त्यातल्या रेषेला धरून वर चाललं असेल तर चिंता नाही, ते शेजारच्या बाळाइतकं व्हायची गरज नाही. रेषा आडवी झाली तर मात्र लगेच दाखवा, तेव्हा थांबू नका.

लहान जन्मलेल्या बाळाला नीट वाढू द्यायचंच असतं, पहिली दोन वर्षं चांगलं खाणं मिळालं तर उंची आणि मेंदू दोन्हीला फायदा होतो. घोळ होतो तो नंतर, तीन-चार वर्षांच्या पुढे, बारीक आहे बारीक आहे म्हणत आपण बिस्किटं, साखरेचं दूध, चॉकलेट भरवत सुटतो तेव्हा. वरच्या पत्रातले दिल्लीकर आठवा. सहा महिन्यांनंतर वरण-भात, नाचणी, भाजी, अंडं चालत असेल तर अंडं, वर तुमच्या हातचं तूप, खुशाल. साखर दोन वर्षं नको. ब्रिटनमध्ये युद्धानंतर साखरेचं रेशनिंग १९५३ मध्ये उठलं, आणि रेशनिंगच्या काळात पोटात असलेली, तान्ही असलेली मुलं पन्नाशी-साठीत तपासली तर नंतर जन्मलेल्यांपेक्षा त्यांच्यात डायबेटिसचा धोका साधारण ३५ टक्क्यांनी आणि बीपीच्या त्रासाचा २० टक्क्यांनी कमी निघाला. २०२४ मध्ये छापून आलंय हे. तेव्हा गालांचा नाद सोडा.

प्रश्न : माझं वय २४, वजन ४१ किलो, शुद्ध शाकाहारी, बी-१२ कमी आलंय. दिवाळीनंतर लग्न आहे. आई म्हणते दिवस गेले की डॉक्टर गोळ्या देतातच, आत्ता कशाला? — एक वाचक, सांगली

उत्तर : आत्ताच. दिवस गेलेत हे कळेपर्यंत बाळाचे बरेचसे अवयव आकार घ्यायला लागलेले असतात.

मुंबईच्या झोपडपट्ट्यांमध्ये २००६ पासून एक प्रयोग झाला होता, मूल होऊ देणार असलेल्या बायकांना पालेभाजी, फळं, दूध घालून केलेला नाश्ता रोज द्यायचा. ज्यांनी गरोदर राहण्याच्या किमान तीन महिने आधीपासून खाल्ला त्यांच्या बाळांचं वजन सरासरी ४८ ग्रॅमनी जास्त भरलं, म्हणजे फार नाही, पण गरोदरपणातली शुगर हा नाश्ता न मिळालेल्या गटात १२.४ टक्के बायकांना निघाली, तर नाश्ता खाणाऱ्यांत ७.३ टक्के बायकांना, आणि तेही नुसत्या खाण्याने.

आणि फॉलिक ॲसिड एकटं घेऊन थांबू नका. पुण्याच्या अभ्यासात ज्या आयांच्या रक्तात फोलेट (फॉलिक ॲसिड त्यातलंच) जास्त पण बी-१२ कमी होतं त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षीच इन्सुलिनला दाद न देणारं शरीर दिसलं होतं. फॉलिक ॲसिड बंद करायचं नाहीये हं, ते लागतंच, फक्त बी-१२ आधी भरून काढा, गोळी की इंजेक्शन ते तुमचे डॉक्टर आकडा बघून ठरवतील. दूध-दही रोज, हिमोग्लोबिन आणि थायरॉइड एकदा बघून घ्या, आणि वजन चार-पाच किलो वाढवून मगच चान्स घ्या. लग्नाच्या ब्लाउजचं माप बदललं तरी चालेल.