एचके-२ या माणसाच्या मूत्रपिंडाच्या पेशींवर सिस्प्लॅटिन या प्लॅटिनमयुक्त कर्करोगाच्या औषधाचा परिणामच दिसत नाही, काय चुकतंय?

स्टॉक (साठ्याचं दाट द्रावण) डीएमएसओ या द्रावकात केलाय म्हणता, तिथेच घोळ आहे. डीएमएसओमधलं गंधक प्लॅटिनमला चिकटून क्लोराइडला हुसकावतं आणि औषध निकामी होतं. ०.९ टक्के सलाइनमध्ये (मिठाच्या पाण्यात) ताजं विरघळवा, उजेडापासून जपा.

बाकीच्या संयुगांना डीएमएसओ चालेल. पण पेशींच्या वेलमध्ये (प्लेटच्या खळग्यात) शेवटी ०.१ टक्क्याच्या आसपास, आणि कंट्रोलमध्येही (तुलनेसाठीच्या, औषध नसलेल्या वेलमध्ये) तेवढाच. त्यात तुमची लॅब फोंड्यात! पावसाळ्यात उघडी बाटली हवेतलं पाणी ओढत राहते, म्हणून छोट्या कुप्यांत वाटून घट्ट बंद ठेवा. ९६ वेलच्या प्लेटमध्ये कडेच्या ३६ वेल्समध्ये नुसतं पीबीएस (फॉस्फेटचं खारं बफर द्रावण) भरा, तिथलं मीडिया (पेशींचं पोषक द्रव) लवकर आटतं.

पुढे टेनोफोव्हिर (एचआयव्हीवरचं औषध) तपासणार असाल तर एचके-२ वर विसंबू नका. औषध पेशीत आत घेणारे ओएटी वाहक (पेशीच्या पडद्यातली प्रथिनं) त्यांच्यात जवळजवळ नसतातच.