वडिलांनी डाय इंटरमीडिएटच्या (रंग बनवायला लागणाऱ्या रसायनांच्या) कंपनीत 15 वर्षं काम केलं. ब्लॅडर कॅन्सरचा धोका किती वर्षांनी संपतो? कोणती टेस्ट करावी?

संपत नाही, असंच धरून चाला. अ‍ॅरोमॅटिक अमाइनशी (रंग बनवताना वापरतात ती रसायनं, त्यातली काही कॅन्सरकारक) पहिला संबंध आल्यापासून गाठ दिसेपर्यंत साधारण 20 वर्षं जातात. कधी 10, कधी 40. तुमचे वडील 1988 ते 2003 ऑपरेटर होते आणि आज 64 वर्षांचे आहेत. म्हणजे लक्ष ठेवायचे दिवस हेच.

पण तुम्ही पुढे लिहिलंय, "ते मास्क न चुकता लावायचे." मास्क दिला की जबाबदारी संपली, असं मानणाऱ्या सेफ्टीवाल्यांशी माझं कधीच पटलं नाही. ही रसायनं नाकाइतकीच, कित्येकदा नाकापेक्षा जास्त, कातडीतून आत जातात.

जपानमधल्या फुकुईचं प्रकरण बघा. रंगद्रव्यांची इंटरमीडिएट बनवणाऱ्या तिथल्या एका कारखान्यात पाच कामगारांना ब्लॅडर कॅन्सर झाल्याचं 2015 च्या डिसेंबरात उघड झालं. सरकारी तपासात हवा मोजली, तर ऑर्थो-टोल्युडीन (याच अमाइनपैकी एक) मर्यादेच्या कितीतरी खाली! आपल्याकडे फाइल इथेच बंद झाली असती. त्यांनी पाळीच्या आधी आणि नंतर कामगारांची लघवी तपासली, आणि पाळीनंतर आकडा चढलेला सापडला. मग हातमोज्यांकडे लक्ष गेलं. रबरी मोजे सॉल्व्हंटने धुऊन पुन्हा वापरत होते. बाहेरून चकचकीत, आत माल मुरलेला. ज्याचे मोजे जास्त खराब, त्याच्या लघवीत ऑर्थो-टोल्युडीन जास्त.

यात नवल काही नाही. सॉल्व्हंट रबर फुगवतो आणि अमाइनला आत वाट करून देतो. मग आतला घाम आणि ऊब मिळून आठ तास पोटीस बांधल्यासारखं होतं. अ‍ॅनिलीन-टोल्युडीनसाठी ब्यूटाइल रबरचे मोजे लागतात. ते महाग, म्हणून स्टोअरमधून पातळ नायट्राइल मिळतात आणि वर "पीपीई (सुरक्षा साधनं) दिलं" म्हणून सही घेतली जाते. फिल्टर प्रेसचा केक खरवडणारा, ड्रायरचे ट्रे उपसणारा, पंपाचं ग्लँड पॅकिंग बदलणारा, यांच्या हवेचा रिपोर्ट उत्तम येतो. बॉयलर सूट घरी धुतला जात असेल तर बायकोचाही संबंध आला. आणि फुकुईच्या आधी कुणाला ठाऊक नव्हतं असंही नाही. नायगारा फॉल्सच्या रबर-रसायनांच्या कारखान्यात ऑर्थो-टोल्युडीन आणि अ‍ॅनिलीन हाताळणाऱ्यांचा अभ्यास 1991 मध्ये छापून आला. अपेक्षा 3.6 रुग्णांची होती, निघाले 13.

दुसरी पळवाट म्हणजे "बिडी ओढायचे ना?" तुमच्या वडिलांनी दहा वर्षांपूर्वी सोडली, चांगलं केलं. तंबाखूच्या धुरात 2-नॅफ्थिलअमाइन आणि 4-अमिनोबायफिनाइल असतात, म्हणजे कारखान्यातलीच जात. बिडीमुळे कारखाना निर्दोष सुटत नाही, दोन्हीचा भार एकाच पिशवीवर पडतो. यकृतात या अमाइनवर प्रक्रिया होते, ती लघवीत उतरतात, आणि लघवी तासन्‌तास साठते ती ब्लॅडरमध्ये.

आता टेस्ट. लघवीत केमिकल शोधून देतो असं कुणी म्हणालं तर पैसे घालवू नका. ते काही दिवसांत निघून जातं, 2003 चं आज सापडणार नाही. वर्षातून एकदा लघवीची मायक्रोस्कोपी (रक्ताच्या पेशी आहेत का बघणं) आणि सायटॉलॉजी (कॅन्सरच्या पेशी शोधणं) करा. सायटॉलॉजीला सकाळची पहिली लघवी देऊ नका, रात्रभर साठून पेशी बिघडतात. दुसऱ्या वेळची द्या. सायटॉलॉजी आक्रमक गाठी बऱ्या पकडते, सौम्य गाठी बऱ्याचदा सोडते. सोनोग्राफीत लहान किंवा चपटी गाठ निसटते. म्हणून न दुखता एकदाही लाल लघवी झाली, तर दुसऱ्या दिवशी साफ झाली तरी युरॉलॉजिस्टकडून सिस्टोस्कोपी (ब्लॅडरमध्ये दुर्बीण घालून तपासणी) करून घ्या. "इन्फेक्शन आहे" म्हणून अँटिबायोटिकचे कोर्सवर कोर्स, यातच महिने जातात. रक्त पातळ करायची गोळी चालू असली तरी ते कारण मानून गप्प बसू नका. आणि डॉक्टरांना "केमिकल कंपनीत होते" एवढंच सांगू नका. प्लांट, वर्षं, रसायनाचं नाव कागदावर लिहून द्या.

त्यासाठी जुन्या सहकाऱ्यांना विचारा, रिअ‍ॅक्टरमध्ये काय चार्ज व्हायचं. बेंझिडीन, बीटा-नॅफ्थिलअमाइन, ऑर्थो-टोल्युडीन, डायक्लोरोबेंझिडीन (पिवळ्या पिगमेंटसाठी), फास्ट ब्लू बी बेस, यातलं एखादं नाव निघालं तर वरचं सगळं लागू. डायरेक्ट ब्लॅक 38 सारख्या रंगाची नुसती भुकटी भरत असतील तरी लागू, कारण शरीरात त्यातून बेंझिडीन सुटतं.

एक राहिलं. हे आधी लिहायला हवं होतं. यांच्याशी संबंध आलेल्या प्रत्येकाला कॅन्सर होत नाही, बहुतेकांना होत नाही. आणि वडील फक्त एच-अ‍ॅसिडच्या प्लांटवर असतील तर एवढं घाबरायचं कारण नाही. तिथली सल्फोनेट झालेली (सल्फोनिक आम्लाचा गट जोडलेली) अमाइन पाण्यात विरघळतात, कातडीतून फारशी जात नाहीत. टोबियास अ‍ॅसिडचंही तेच, फक्त त्यात बीटा-नॅफ्थिलअमाइनचा अंश राहू शकतो, तेव्हा तो प्लांट असेल तर टेस्ट चालू ठेवा.