वाचक विचारतात: फॅन फिल्मला तिकीट लावावं का?

प्रश्न: नमस्कार सर, आम्ही सहा-सात पोरं. लहानपणापासून आवडणाऱ्या एका हिट मराठी पिक्चरवर आम्ही पाऊण तासाची फॅन फिल्म केली, हिरो तोच, डायलॉग बरेचसे तेच, पण गाव आमचं अन् बोली आमची. सगळं मोबाईलवर शूट केलं, चाळीस हजार गेले, ते दोघांनी सोयाबीनच्या पैशातून घातले. यूट्यूबवर लोकं लई बघायलेत पण गाण्यावर क्लेम आला. खाली आम्ही स्पष्ट लिहिलंय की हे फक्त मनोरंजनासाठी, हक्क मूळ मालकाचे. आता यात्रेत पडदा लावून वीस रुपये तिकिटानं दाखवावं म्हणतोय. काहीजण म्हणायलेत केस होईल, काही म्हणायलेत अमेरिकेत तर सर्रास चालतंय. निदान खर्च तरी काढावा का नाही?
– एक वाचक, परभणी

उत्तर: आपली बोली पडद्यावर येते ती बहुतेक वेळा नोकराच्या नाहीतर येड्याच्या तोंडी, तुम्ही ती हिरोच्या तोंडी दिली याचा मला मनापासून आनंद झालाय. पिक्चर करणं थांबवू नका. पण हे तिकीट लावू नका.

पैसे घेतले तर गुन्हा अन् नाही घेतले तर चालतंय, असा समज सगळीकडेच आहे, तो चुकीचा आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम ५२ खाली सवलती आहेत, खाजगी वापर, टीका, परीक्षण, बातमी वगैरे, पण अख्खी गोष्ट नव्यानं करून लोकांना दाखवणं त्यात बसत नाही, आणि शॉट आपले आहेत म्हणूनही सुटका नाही कारण पटकथा, संवाद, गाण्याचे शब्द, चाल या प्रत्येकावर वेगळा हक्क असतो. नुसत्या कल्पनेवर नसतो, हे सुप्रीम कोर्टानं १९७८ मध्ये आर. जी. आनंद खटल्यात सांगितलंय. दोन भावांच्या वाटणीवर कुणीही पिक्चर काढावा. तुमचा तर हिरोसुद्धा तोच आहे. अन् खाली लिहिलेल्या त्या ओळीनं काही वाचत नाही, उलट मालक दुसरा आहे हे माहीत होतं याची ती लेखी कबुलीच होते.

पैशानं फरक पडतो तो शिक्षेत. कलम ६३ मध्ये सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड आहे, धंद्यातल्या फायद्यासाठी केलेलं नसेल तर कोर्ट कारणं देऊन याहून कमी करू शकतं. म्हणजे वीस रुपयाचं तिकीट लावलं की तुम्ही ती वाट स्वतःच बंद करून घेता. क्लेमचं म्हणाल तर तो स्ट्राइक, म्हणजे हक्क मोडल्याबद्दल यूट्यूबनं चॅनलला दिलेली ताकीद, नाही, त्यात बहुतेक वेळा जाहिरातीचे पैसे गाण्याच्या मालकाकडं जातात. ९० दिवसांत तीन स्ट्राइक आले तर मात्र चॅनल जातं.

अमेरिकेचं अर्धंच खरं आहे. स्टार ट्रेक या तिकडच्या गाजलेल्या मालिकेच्या एका फॅन फिल्मसाठी चाहत्यांकडून दहा लाख डॉलरच्या वर वर्गणी जमली, तेव्हा तिचे हक्क असलेल्या पॅरामाउंट आणि सीबीएस या कंपन्यांनी २०१५ मध्ये दावा ठोकला, पुढं २०१७ ला तडजोड झाली. मधे २०१६ मध्ये या कंपन्यांनी फॅन फिल्मसाठी नियमच काढले: एक भाग १५ मिनिटांचा, जास्तीत जास्त दोन भाग, वर्गणी ५० हजार डॉलरपर्यंत, विक्री नाही, कमाई नाही. ही त्या मालकांनी त्यांच्या मालिकेपुरती दिलेली मोकळीक आहे, आपल्याला ती लागू नाही.

आता खर्चाचं. घातलेले पैसे परत मिळवणं आणि नफा खाणं यात नीतीनं फरक आहे असं मी मानतो. पण वीस रुपये देणारा माणूस येणार कशाला? थोडा तुमच्यासाठी, जास्त त्या हिरोच्या नावासाठी, अन् ते नाव दुसऱ्याच कुणीतरी कष्टानं मोठं केलंय. मोठ्या कंपनीचं काय जातंय असं पोरं म्हणतात, पण आपल्याकडं गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीचा हक्क पक्का व्हायला २०१२ ची दुरुस्ती यावी लागली, त्याआधी कित्येकांनी एकरकमी पैशात गाणी देऊन टाकली, तुमचं गाणं अशाच कुणाचं असेल तर? बटईनं रान करणारा आधी मालकाला विचारतो, मग पेरतो. आणि एक विचारतो, तिकिटाचे पैसे आले तर ते खर्च घातलेल्या दोघांचे, मग रात्र रात्र एडिटिंग करणाऱ्याचं काय? हे आजच बसून ठरवा, पैसा आल्यावर दोस्ती तुटते.

निर्मात्याला पत्र लिहा, गाण्याच्या कंपनीला वेगळं लिहा, काय केलंय, कुठं दाखवायचंय, किती जमेल ते खरं खरं सांगा, आणि परवानगी लेखी घ्या, फोनवरचं हो धरू नका. जाहीर पडद्याला सेन्सॉर सर्टिफिकेटही लागतं, तिकीट असो नसो. नकार आला तर हीच टीम घेऊन आपली गोष्ट करा. गाणं पाहिजे तर एकनाथांची भारुडं आहेत, पैठण आपलंच, ती कुणा कंपनीची नाहीत, गावच्या भजनी मंडळाकडून गाऊन घ्या, फक्त तयार रेकॉर्डिंग उचलू नका. त्या पिक्चरला खुशाल तिकीट लावा, मला कळवलं तर मी पण येईन बघायला.

प्रश्न: मॅडम म्हणतात आता गॅदरिंगलासुद्धा पिक्चरमधला सीन करता येणार नाही. खरं का?
– एक विद्यार्थिनी, अंबाजोगाई

उत्तर: नाही, बिनधास्त करा. बघणारे शिक्षक, विद्यार्थी अन् पालकच असतील तर कलम ५२ मध्ये त्याला सवलत आहे. बाहेरच्यांना तिकीट विकलं किंवा व्हिडिओ नेटवर टाकला तर ती राहत नाही, मग परभणीच्या पोरांना जे सांगितलं तेच तुम्हालाही.